मामांकडची उधारी

माझे मामा गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कोणी इंग्रजीत बोलू लागलं तर सरळ मराठीत उत्तर देणार. पण इंग्रजी शब्द कुठून आला आणि त्याच्या अंगावर कोणतं अक्षर कोणी चढवलं, हे त्यांनाच विचारावं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून त्यांनी वॉल्टर स्कीटचा व्युत्पत्तिकोश उचलून आणला होता. त्याचा पुठ्ठा गेलेला, म्हणून खळ लावून घरीच बांधणी केलेली. आज शब्दांवर चार ओळी लिहून मी पोट भरतो, त्याचं भांडवल थोडं त्या कोशातलं आणि बरंचसं मामांचं आहे.

शाळेत स्पेलिंग पाठ करणं ही शिक्षाच होती. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यात 'बी' कशाला? मास्तर म्हणायचे, असतो म्हणून असतो. मामांना हे उत्तर मुळीच चालत नसे. "असतो काय? कोणीतरी घातलाय. कोणी घातला ते बघ." चॉसरच्या काळी हा शब्द फ्रेंचमधून आलेला होता आणि त्यात 'बी' नव्हता. पुढे लॅटिनच्या अभिमानी पंडितांना मूळचा 'डेबिटम' आठवला आणि त्यांनी 'बी' मध्ये बसवला. बोलणाऱ्यांनी मात्र तो कधीच जिभेवर घेतला नाही. 'डाउट'मधला 'बी' आणि 'रिसीट'मधला 'पी' हीसुद्धा त्याच पंडितांची कमाई. 'आयलंड'मधला 'एस' तर धडधडीत चुकीचा. शब्द अस्सल इंग्रजी, लॅटिन 'इन्सुला'शी त्याचं काही नातं नाही; 'आइल'च्या शेजारी राहून त्याला तो चिकटला. कर्जाच्या शब्दानेच एक अक्षर उसनं घ्यावं आणि कधी वापरू नये, यावर मामा दर वेळी नव्याने खूश होत.

पंडितांवर त्यांचा राग होता, खिळे जुळवणाऱ्यांवर नव्हता. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्याआधी त्याची बरीच वर्षं फ्लँडर्समध्ये गेली होती. भुताच्या 'घोस्ट' या शब्दात जुन्या इंग्रजीत 'एच' नव्हता. तो कॅक्स्टनच्या पुस्तकांत दिसू लागतो, बहुधा फ्लेमिश लिहिण्याच्या सवयीने. "दिवसभर केससमोर उभा राहा, मग कळेल," मामा म्हणायचे. "हात जिथे जातो तोच खिळा लागतो."

त्यांचा सर्वांत लाडका शब्द 'डॉर्ड'. वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशात हा शब्द आहे, अर्थ दिलाय घनता. असा शब्दच नाही! पदार्थविज्ञानात घनतेसाठी मोठा किंवा छोटा 'डी' वापरतात, असं सांगणारी एक चिठ्ठी होती: 'डी ऑर डी'. ती संक्षेपांऐवजी शब्दांच्या ढिगात गेली, अक्षरं एकमेकांना भिडली आणि शब्द जन्माला आला. पाच वर्षांनी, 1939 मध्ये, एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. केवढ्या प्रूफांमधून तो सहीसलामत सुटला असेल! मामा हे सांगताना हसत, पण त्या प्रूफ वाचणाऱ्यांना नावं ठेवत नसत.

ही झाली गंमत. माझ्यावर खरा उपकार आहे तो त्यांच्या संशयाचा. छापखान्यात एक जण 'पॉश'ची गोष्ट रंगवून सांगायचा. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात येणारे साहेब ऊन टाळायला येताना डावीकडची केबिन घेत आणि परतताना उजवीकडची: पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. तिकिटावर म्हणे त्या चार आद्याक्षरांचा शिक्का असे. मामा प्रूफावरून मान वर न करता म्हणत, "तिकीट दाखव." असं तिकीट आजवर कोणालाही मिळालेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापील सापडतो, गोष्ट मात्र त्यानंतर वीसेक वर्षांनी. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची रीत विसाव्या शतकाआधी जवळपास नव्हतीच; जुन्या शब्दाची अशी फोड कोणी केली की ती बहुतेक बनावट निघते.

साल विचारायची ही खोड त्यांनी जेम्स मरेकडून घेतली होती. ऑक्सफर्डच्या कोशाचं संपादन मरेने 1879 मध्ये अंगावर घेतलं आणि घराच्या आवारात पन्हाळी पत्र्याची खोली उभारून तिथे काम सुरू केलं. जगभरातले वाचक पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवत: शब्द, वाक्य, पुस्तकाचं नाव, साल. ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात खुनाच्या खटल्यानंतर ठेवलेला अमेरिकन सर्जन मायनर हाही त्यांतलाच, आणि फार मोलाचा. 1884 मध्ये पहिला भाग निघाला, 1915 मध्ये मरे गेला, कोश पुरा झाला 1928 मध्ये. एवढ्या माणसांनी वेचून आणलेल्या पुराव्यासमोर कोणाच्या ऐकीव किस्स्याची मामांना किंमत वाटत नसे.

हा संशय ते स्वतःच्या आवडीच्या गोष्टींनाही लावत. इंग्रजीत 'अ नेप्रन'चा 'अ‍ॅन एप्रन' झाला, शब्दातला 'न' मागच्या 'अ'ला जाऊन मिळाला, हे पक्कं. 'ऑरेंज'चंही तसंच झालं असं लोक सांगतात. आपल्या नारंगातला 'न' फारसी-अरबीतून स्पॅनिश 'नारांखा'पर्यंत टिकला हे खरं. पण इंग्रजीत शब्द आला तेव्हा तो आधीच गळालेला होता. मामा कोशातली ती नोंद बोटाने दाखवत आणि पुढच्या प्रूफाकडे वळत. 'मंगूज' हा इंग्रजांनी आपल्या मुंगसावरून घेतला, हे मात्र कोशकारांनी मान्य केलेलं, म्हणून ते छातीठोक सांगत. त्याचं अनेकवचन 'गूस-गीस'सारखं का होत नाही, हे मराठी माणसाला पाठ करावं लागत नाही.

मामांनी तपासलेल्या एकाही पुस्तकावर त्यांचं नाव नाही. प्रूफवाल्याचं नाव छापायची पद्धतच नव्हती. तेव्हा उधारी फेडायची ती अशीच. 'पॉश'ची ती बोट अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. तुमच्याकडे आली तर पुढे ढकलू नका; पाठवणाऱ्याला म्हणा, आधी तिकीट दाखवा.