अर्ध्या सेकंदाचा फरक

आमच्या मांजर्लीत सोसायटीची सभा भरली की नव्या सुखसोयींच्या यादीला अंत नसतो. गेटवर कारंजं हवं, गच्चीवर बाग हवी, जिन्यात आरसा हवा. मात्र पाण्याच्या टाकीला कुलूप लावायचा विषय निघाला की कोरम संपतो. कुलूप पाहुण्यांना दाखवून मिरवता येत नाही, हा त्याचा मूळ दोष!

कॉम्प्युटरच्या जगातही हेच चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली आणि आमचा धडधाकट कॉम्प्युटर एका रात्रीत सेवानिवृत्त झाला. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा म्हणाला, "काका, लिनक्स टाकू. फुकट आहे, आणि त्याचा कोड कोणीही वाचू शकतो."

"कोणीही? म्हणजे चोरसुद्धा?"

"चोरही आणि ऑडिटरही!"

ऑडिटर म्हटल्यावर आमच्यातला बी. कॉम. विरघळला.

त्याने डेबियन टाकलं. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात; आपल्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही त्याच्यावरच बेतलेलं. नवं काही आलं की ते आधी 'सिड'मध्ये जातं. सिड म्हणजे 'टॉय स्टोरी' सिनेमातला खेळणी मोडणारा कार्टा! त्याच्या हातून वाचलं तर 'टेस्टिंग'मध्ये, आणि तिथे मुरलं की साधारण दोन वर्षांनी 'स्टेबल'मध्ये. त्याआधी काही महिने नव्या मागण्यांना दार बंद, फक्त दुरुस्त्या. थोडक्यात, आमचं मार्च एंडिंग.

एवढं करूनही २०२४ मध्ये घात होता होता राहिला. फाइली आवळून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. फिनलंडचे लासे कॉलिन तो वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. माणूस थकलेला, आणि लोकांचा तगादा मात्र चालूच: नवं कधी देणार? तेव्हा जिया टॅन नावाचं कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानाने राबलं, किल्ल्या मिळवल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवला. तो स्टेबलपर्यंत पोचता, तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांची दारं उघडली असती.

पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने. त्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागला. अर्धा सेकंद! गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर आपण बदलापूरकर तिला वेळेवर आली म्हणतो. हा गृहस्थ मात्र अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला सगळं उघडं केलं. चोर सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचला होता, स्टेबल वाचलं.

मला हा माणूस आमच्या जुन्या हेडकॅशिअरांचा नातेवाईक वाटला. दिवसअखेर दहा पैशांचा फरक आला की एखादा नवखा म्हणे, "खिशातून टाकतो, घरी जाऊ." ते चष्म्यावरून बघत. "अहो, फरक दहा पैशांचा दिसतो. त्याच्याआड दहा हजार इकडे आणि दहा हजार तिकडे लपलेले असतात." अशा माणसाला शाखेत किरकिऱ्या म्हणतात आणि त्याच्या बदलीची वाट पाहतात.

परवा तो मुलगा पुढच्या आवृत्तीची यादी घेऊन आला. खिडक्या कशा सरकणार, रंग कसे बदलणार. मी म्हटलं, "आमच्या बँकांत नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सक्तीने रजेवर पाठवतात. तो नसताना त्याचं काम दुसरा बघतो. माणसालाही विसावा, वहीलाही तपासणी. एकट्याने गाडा ओढणाऱ्यांसाठी असं कलम आहे का रे तुमच्या यादीत?"

"काका," तो हसून म्हणाला, "ते काही फीचर नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"