काळजी नसावी

आमच्या लहानपणीं घरीं येणाऱ्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला असे : ‘येथील सर्व क्षेम. काळजी नसावी.’ मधल्या मजकुरांत कोणाचें दुखणें असो, पिकाची नासाडी असो, कीं कोर्टाचा निकाल उलटा लागलेला असो, शेवटीं काळजी नसावीच! हें वाक्य मीं स्वतः किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. कारण दुसऱ्यांच्या मुलांची खुशाली त्यांच्या आईबापांना कळविणें हा माझ्या नोकरीचाच एक भाग होता. या वाक्यानें मला एकदां जो धडा दिला, तो आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. कॉलेजांत जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून वाईस एका शास्त्रीबुवांपाशीं राहून संस्कृताचें अध्ययन केलें आणि १९७९ सालीं पसरणीचा घाट चढून पांचगणीच्या एका निवासी शाळेंत संस्कृतशिक्षक झालों. पुढें वसतिगृहाचा गृहपति म्हणूनहि मलाच नेमण्यांत आलें. पांचगणी हें शाळांचेंच गांव. समुद्रसपाटीपासून सुमारें सव्वाचार हजार फूट उंची, कोरडी हवा आणि चोहोंकडे सिल्व्हर ओकचीं उंच झाडें. इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत हवापालटासाठीं हें ठिकाण वसविलें आणि त्या हवेच्याच लौकिकावर तेथें शाळा आल्या. आमची शाळा सरकारी अनुदान घेत नसे. ती स्वतंत्र होती, म्हणजे सर्वस्वीं पालकांच्या फीवर अवलंबून होती. अशा शाळेंतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद थोडासा जाहिरातीचा असतो, हें मला फार उशिरां कळलें.

ज्यांनीं पांचगणी उन्हाळ्याच्या सुटींतच पाहिली आहे, त्यांस तेथील हिवाळ्याची कल्पना येणार नाहीं. मार्गशीर्ष लागला कीं टेबललँडच्या पठारावर पहाटे दंव पडे, आणि खालीं कृष्णेच्या खोऱ्यांत धुकें असें दाटे कीं धोमच्या धरणाचें पाणी ऊन वर येईपर्यंत दिसत नसे. कडाक्याच्या दिवसांत पारा दहा अंशांच्याहि खालीं उतरे. मुलांच्या ट्रंकांतलें खोबरेल बाटलींत गोठून पांढरें होई, ओठ फुटत आणि टांचांना भेगा पडत. न्हाणीघराबाहेर तांब्याचा भला मोठा बंब पेटे. परंतु रांगेंत शेवटीं उभ्या असलेल्या मुलांच्या वांट्याला कोमट पाणीच येई. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येंत वाग्भट सांगतो कीं, हेमंतांत जठराग्नि प्रबळ होतो, आणि त्यास पुरेसें इंधन न मिळाल्यास तो शरीरांतील धातूंनाच पचवूं लागतो. हें मी मोठ्या तोऱ्यानें मुलांस सांगत असें. भोजनगृहांत मात्र जूनमधलेंच माप डिसेंबरांतहि चालूं होतें!

दर रविवारीं सकाळीं दहा ते अकरा पत्रलेखनाचा तास असे. लहान मुलांचीं पत्रें गृहपतीनें वाचून मगच टपालांत टाकावयाचीं, असा शाळेचा नियम होता. हेतु शुद्धलेखनाचा, परंतु हळूहळू शुद्धलेखनाबरोबर मजकूरहि शुद्ध होऊं लागला. ‘पाणी गार असतें’ असें एखाद्यानें लिहिलें, तर दुसऱ्या खेपेस तेंच वाक्य ‘येथील हवा थंड व आरोग्यदायक आहे’ असें होऊन येई. याखेरीज महिनाअखेरीस माझें स्वतःचें एक पत्र प्रत्येक घरीं जाई. त्याचा शेवट काय असे, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

१९८६ सालच्या जूनमध्यें सोलापूरकडील एक दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. वडील कारकून, पोटाला चिमटा घेऊन फी भरीत होते. सोलापूरच्या उन्हांत वाढलेल्या त्या पोराला थंडी म्हणजे काय हें ठाऊकच नव्हतें. डिसेंबरांतल्या पहिल्या रविवारीं त्यानें घरीं लिहिलें, ‘आजीची वाकळ पाठवा. इथें रात्रीं झोंप येत नाहीं.’

मीं तें वाचलें. शाळेनें प्रत्येक मुलास दोन ब्लँकेटें दिलेलीं होतीं, आणि त्याच्याजवळ घरची सोलापुरी चादरहि होती. हें वाक्य वाचून घरचीं माणसें शाळेला काय म्हणतील, हाच विचार माझ्या मनांत प्रथम आला. मीं त्याला जवळ बोलावून म्हटलें, ‘अरे, एवढीं पांघरुणें असतांना वाकळ कशाला? आजी उगीच काळजी करीत बसेल.’ त्यानें मान हालविली आणि पत्र पुन्हा लिहून आणलें. त्यांत वाकळ नव्हती.

दोन आठवड्यांनीं तो खोकूं लागला. महिनाअखेरच्या पत्रांत मीं लिहिलें, ‘चिरंजीवास किरकोळ पडसें आहे. काळजी नसावी.’ पत्र टपालांत पडलें, आणि तिसऱ्या रात्रीं पोराचा ताप एकशें चारावर गेला. डॉक्टरांनीं न्यूमोनिया म्हणून सांगितलें. त्याला मोटारींत घालून घाटाखालीं वाईच्या इस्पितळांत नेलें आणि सोलापुरास तार केली. तारेची सोय आतां राहिली नाहीं, २०१३ सालच्या जुलैंत ती बंद झाली. परंतु त्या काळीं दारांत तारवाला दिसला कीं घरांतल्या बायका आधीं रडूं लागत, मग तार वाचली जाई.

माझें पत्र आणि माझी तार त्या घरीं एकाच दिवशीं पोहोंचलीं. पत्र सकाळीं, तार दुपारीं.

वडील रात्रीच्या एस. टी. नें निघून दुसऱ्या दिवशीं इस्पितळांत आले. ते ओरडले नाहींत. पोराजवळ थोडा वेळ बसून ते बाहेर व्हरांड्यांत आले, आणि खिशांतून पत्र व तार दोन्ही काढून माझ्यापुढें धरून म्हणाले, ‘गुरुजी, यांतलें खरें कोणतें धरूं?’ मला कांहीं बोलतां येईना. मग तेच हळू आवाजांत म्हणाले, ‘महिनाभर तुमच्या भरंवशावर आम्ही घरीं स्वस्थ झोंपलों. पोर इथें जागा होता.’

आंत पोरानें त्यांना विचारलें होतें, ‘आजीची वाकळ आणलीत?’ वडील म्हणाले, ‘तूं कळवलंस कुठें बाळ?’ त्यावर त्यानें एकदां दाराशीं उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलें आणि तोंड भिंतीकडे वळविलें. मास्तरांची चुगली त्यानें केली नाहीं. ती मलाच करावी लागली. वाकळीचें वाक्य कोणीं गाळविलें हें मीं त्याच्या वडिलांना तेथेंच सांगितलें. आयुष्यांत इतकें जड वाक्य मीं दुसरें उच्चारलें नाहीं.

त्या रात्रीं वसतिगृहावर परत येऊन मी त्याच्या खाटेवर बसलों. शेजारच्या खिडकीचा खिटका मोडलेला होता. दार दोरीनें बांधलेलें होतें, आणि फटींतून येणारा वारा नेमका उशीवर येत होता. शिवाय शौचकूप अंगणापलीकडे असून वाटेवर दिवा नव्हता; म्हणून लहान मुलें संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत आणि तरीहि रात्रीं कुढत जागीं राहत, असें शेजारच्या मुलानें मला सांगितलें. ‘रात्रीं झोंप येत नाहीं’ या चार शब्दांत हें सर्व होतें. मीं तें वाक्य घरीं जाऊं दिलें नाहीं, आणि त्यामुळें तें मीं स्वतःहि वाचलें नाहीं. पालकांपासून जें आपण लपवितों तें हळूहळू आपल्यालाहि दिसेनासें होतें, हाच तो धडा.

देवाची कृपा आणि डॉक्टरांची औषधें यांनीं मुलगा बरा झाला. संक्रांतीनंतर तो परत आला तो वाकळ काखोटीस मारूनच. नऊवारी लुगड्यांच्या घड्या घालून शिवलेली ती वाकळ ब्लँकेटांपेक्षां अधिक ऊबदार होती असें नाहीं. पण तिला घराचा वास होता.

पुढल्या हिवाळ्यापासून मुलांचीं पत्रें वाचण्याचें मीं बंद केलें. स्वतःचें पत्र मात्र महिन्याऐवजीं पंधरवड्यानें सायक्लोस्टाइल करून पाठवूं लागलों. त्यांत विशेषणें नसत. व्हरांड्यांतला पारा पहाटे कितीवर होता. उठण्याची वेळ अर्ध्या तासानें पुढें नेली कीं नाहीं. बंब एक असल्यामुळें शेवटच्या वीस मुलांस कोमट पाणी मिळतें, म्हणून रांग रोज उलटी करतों. भाकरी कमी पडत होत्या, त्या वाढविल्या. किती मुलें खोकत आहेत. कोणत्या खिडक्या दुरुस्त झाल्या आणि कोणत्या राहिल्या. टेबललँडवर कोवळ्या उन्हांत वर्ग भरविला, स्ट्रॉबेरीचे मळे पाहून आलों, स्नेहसंमेलनाच्या तालमी चालूं आहेत, हेंहि असे. कारण तेंहि खरेंच होतें.

मुख्याध्यापकांना ही तऱ्हा पसंत पडली नाहीं. ते म्हणाले, ‘पालक फी देतात ती निश्चिंत राहण्यासाठीं. त्यांना कोमट पाण्याच्या कथा काय सांगतां?’ त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. एका गृहस्थांनीं दुसरेंच पत्र वाचून मुलाला शाळेंतून काढून नेलें, आणि त्या दिवशीं माझी नोकरीहि डळमळली. परंतु त्याच आठवड्यांत दुसऱ्या एका पालकांचें जलद पत्र आलें. ते डॉक्टर होते. आजाऱ्यांच्या खोलींत रात्रीं कोळशाची शेगडी ठेवतों, हें मीं मोठ्या अभिमानानें लिहिलें होतें. त्यांनीं उलट टपालीं लिहिलें : ‘दारें-खिडक्या बंद करून शेगडी एक रात्रहि ठेवूं नका. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. झोंपलेलें माणूस उठतच नाहीं.’ तें पत्र मीं मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, आणि ‘पत्रें चालूं ठेवा,’ एवढेंच म्हणाले. शेगडी त्याच दिवशीं बाहेर गेली. खोटी खुशाली पाठविणाऱ्याला असें उत्तर कधींहि येत नाहीं.

एक मर्यादा मात्र मीं पाळली. थंडींत लहान मुलांचें अंथरूण ओलें होतें. कोणी घरच्या आठवणीनें उशीत तोंड खुपसून रडतो. अशा गोष्टी सर्वांच्या पत्रांत जावयाच्या नाहींत. त्या ज्याच्या त्याच्या आईबापांनाच, वेगळ्या लखोट्यांतून आणि मुलाला सांगून कळवावयाच्या. मुलाची लाज ही त्याची मालमत्ता आहे. तिच्यावर शाळेचा अधिकार नाहीं.

मला निवृत्त होऊन आतां बरींच वर्षें झालीं. आम्ही वाईस एकत्र राहतों. पुतण्याचा मुलगा दूरच्या एका निवासी शाळेंत आहे, आणि तेथून रोज व्हॉट्सॲपवर पंधरावीस फोटो येतात. सगळीं मुलें इस्त्रीच्या स्वेटरांत हंसत उभीं! सूनबाई फोटो पाहते, मोबाइल घरभर फिरतो, आणि सर्वांचें समाधान होतें. मला मात्र तीं चित्रें पाहून माझींच जुनीं पत्रें आठवतात. साधन बदललें, मजकूर तोच. काळजी नसावी.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं चष्मा लावून असाच एक फोटो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अहो, याचे ओठ पाहिलेत का? आणि हा हात बाहींत ओढून कां उभा आहे?’ रविवारीं फोनवर सगळ्यांनीं नेहमींप्रमाणें ‘कसा आहेस?’ म्हणून विचारलें. ‘मजेंत,’ तो म्हणाला. मग हिनें फोन घेतला. ‘रात्रीं अंगावर काय घेतोस? खाट कुठें आहे तुझी? आंघोळीला रांगेंत कितवा असतोस?’ दोन मिनिटांत सगळें बाहेर आलें. तो रांगेंत शेवटचा होता. सूनबाईनें गृहपतींना नम्रपणें कळविलें, त्यांनींहि लगेच लक्ष घातलें, आणि इकडून कोकमतेलाची एक डबी रवाना झाली.

ज्यांचीं मुलें दूर शिकत आहेत अशा घरांना माझें एवढेंच सांगणें आहे. ‘कसा आहेस?’ हा प्रश्न नव्हे, तें उत्तराला दिलेलें आमंत्रण आहे. खाट, खिडकी, पाणी, पांघरूण यांविषयीं विचारा. शाळेनें एखादी उणीव आपण होऊन कळविली, तर त्या शाळेवर रागावूं नका. रागावलांत तर पुढल्या वेळीं ती तुम्हांला फक्त हंसरे फोटो पाठवील. आणि माझ्या व्यवसायबंधूंस विनंति अशी कीं, काळजी करण्याजोगें जें असेल तें आधीं सगळें लिहावें. ‘काळजी नसावी’ हें वाक्य लिहिण्याचा अधिकार त्यानंतरच मिळतो.