क्रूझ कंट्रोल आणि चार हात जमीन



गेल्या वेळी उन्हाळी वाळवणांबद्दल लिहिलं होतं, आज एकदम गाडीबद्दल लिहिते आहे. हसू नका. आपल्यापैकी कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. मंदिराला, माहेरी, मुलांच्या होस्टेलला जातात. चालवतो सगळ्या, पण बोलतो फक्त लोणच्या-पापडांबद्दल.

माझं माहेर कारंजा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारंजा लाड म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं आपलं जुनं धर्मक्षेत्र. बलात्कार गण, सेनगण आणि काष्ठासंघ अशी तीन जुनी मंदिरं तिथे आहेत. 1918 साली सुरू झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रमही तिथलाच. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. वय चौऱ्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली आहे. "वर्ध्याला ये" म्हटलं की म्हणते, "माझ्या मंदिराच्या पायऱ्या माझ्या पायांना पाठ आहेत, तुझ्या वर्ध्याच्या नाहीत." त्यामुळे दर शनिवारी मीच जाते. तिला आठवड्याची भाजी निवडून देते, पाणी गाळून भरून ठेवते आणि स्वाध्यायाची चार पानं वाचून दाखवते. वाचायला आता तिला माझेच डोळे आहेत.

पूर्वी पुलगाव, धामणगाव करत जायचो, दिवस मोडायचा. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि माझं माहेर जवळ आलं. येळाकेळीला चढायचं, कारंज्याला उतरायचं. सकाळी पूजा आटोपून निघालं की दुपारच्या जेवणाआधी आईच्या दारात. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, म्हणून चारच्या आत परत निघायचं.

अडचण झाली माझ्या उजव्या घोट्याची. तीन वर्षांपूर्वी पावसात पायरीवरून घसरले आणि घोटा मोडला. हाड जुळलं, पण एका जागी पाय तिरका धरून ठेवला की अर्ध्या तासात ठणका लागतो. गावात चालवताना काही होत नाही, कारण पाय सारखा हलतो. समृद्धीवर गिअर बदलायचा नाही, ब्रेक मारायचा नाही, तासभर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय तसाच. घरी येईपर्यंत घोटा सुजून यायचा. दोन शनिवार मी गेलेच नाही. आई फोनवर एवढंच म्हणाली, "बाई, पान तिथेच अडकलंय गं."

आमच्या गाडीचं काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सुचवलं, "काकू, क्रूझ कंट्रोल बसवून घ्या ना." मला वाटलं, ते मोठ्या महागड्या गाड्यांतच येतं. तसं नाही. आमची गाडी 2016 ची आहे. तिच्यात अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल आणि इंजिन यांच्यामध्ये जुन्या गाड्यांसारखी ओढायची केबल नाही. पॅडल किती दाबलं ते सेन्सर मोजतो आणि तारेतून गाडीच्या संगणकाला सांगतो. बाहेरून बसवायचं क्रूझ कंट्रोल म्हणजे या तारेच्या मधोमध बसणारं एक छोटं खोकं. त्याला गाडीचा वेग कळतो. आपण बटण दाबून सांगितलं की हाच वेग ठेव, की ते पॅडलच्या वतीने संगणकाला निरोप देत राहतं. ब्रेक किंवा क्लच दाबला की ते लगेच सोडून देतं.

घरी विषय काढला तर आमचे हे एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "पायाला काम नसलं तर माणूस झोपतो. त्या रस्त्यावर आधीच डोळे मिटतात." त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली. पंचवीस माणसं गेली, त्यांत आपल्या वर्ध्याचेही होते. त्या आठवड्यात वर्ध्यात चार माणसं जमली की दुसरं बोलणं नव्हतं. त्या अपघाताशी क्रूझ कंट्रोलचा काही संबंध नाही, पण भीती कुठे कारणं तपासत बसते? मी म्हटलं, "मग आईकडे कोण जाणार?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दुकान शनिवारीच जास्त चालतं.

शेवटी बसवलं. बारा हजारांच्या आसपास खर्च आला, अर्धा दिवस गेला. मी तिथेच स्टूल टाकून बसले आणि सगळं विचारलं. मैत्रिणींनो, तुम्हीही विचारा, लाजू नका. पहिलं, पॅडलची तार कापायची नाही, तुमच्याच गाडीच्या मापाचा कपलर हवा. दुसरं, ब्रेक आणि क्लच दोन्हींची जोडणी झालीच पाहिजे. एकच करून देतो म्हणाला तर उठून या. तिसरं, गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा, कारण बाहेरून वायरिंगला हात लावल्यावर वॉरंटी अडू शकते. आमची केव्हाच संपली होती. काही गाड्यांत ही सोय संगणकात आधीच असते, नुसती बटणं बसवून सुरू करता येते. म्हणून आधी चौकशी करा, मग पैसे काढा.

बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेतली. पन्नासवर लावलं आणि ब्रेकला नुसता पाय टेकवला, सुटलं. परत लावलं, क्लच दाबला, सुटलं. परत लावलं, बटणाने बंद केलं, सुटलं. या तिन्ही वाटा नीट चालल्यावरच मी पैसे दिले.

पुढच्या शनिवारी समृद्धीवर चढले आणि शंभरला लावलं. पाय खाली घेतला, घोटा सैल सोडला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. दुखणं थांबल्यावरच कळतं की आपण किती दिवस दात आवळून बसलो होतो.

मुलाने फोनवर एक गंमत सांगितली. हे यंत्र राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने शोधलं आणि तो आंधळा होता. लहानपणी, पाच वर्षांचा असताना, अपघाताने नजर गेली. त्याचा वकील गाडी चालवताना बोलत असला की वेग कमी करायचा, ऐकत असला की वाढवायचा. शेजारी बसलेल्या टीटरला ते हिसके सहन होईनात, त्यातून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. 1950 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि 1958 मध्ये क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ते आलं. ज्याला स्वतःला रस्ता दिसत नव्हता, त्याने आपल्या पायांना विश्रांती दिली.

हे मी विसरूनही गेले असते. पण आईला डोळे दाखवायला वर्ध्याला आणत होते तेव्हाची गोष्ट. ती शेजारी बसली होती, हातात माळ. थोड्या वेळाने म्हणाली, "आज गाडी कोण चालवतंय? तूच ना? आज हिसके नाहीत." मी तिला टीटरची गोष्ट सांगितली. ती हसली. "दिसत नसलं की सगळं अंगालाच कळतं," म्हणाली. आणि मग तिने विचारलं, "पण हे यंत्र पुढचं पाहतं का गं?"

नाही. माझं क्रूझ कंट्रोल पुढचं काहीच पाहत नाही. नव्या महागड्या गाड्यांत पुढच्या वाहनाचं अंतर पाहून वेग कमी करणारी यंत्रणा असते, ती वेगळी. माझ्या खोक्याला फक्त एक आकडा माहीत आहे. पुढे ट्रक असो की नीलगाय, ते आकडा धरून बसतं. मी आईला म्हटलं, "नाही, पाहायचं मलाच." ती म्हणाली, "मग ठीक आहे. महाराज चार हात जमीन पाहून चालतात, तसं तू चाल."

मी मान डोलावली. आणि पंधरा दिवसांनी चुकले.

कारंज्याहून एकटी परतत होते. दुपारचं ऊन, पोट भरलेलं, रस्ता सरळ आणि पांढरा. शंभरला लावलं होतं आणि भक्तामर स्तोत्र सुरू केलं होतं. धामणगावची पाटी गेली की नाही, आठवत नाही. वर्धा नदीचा पूल कधी ओलांडला, आठवत नाही. डोळे उघडे होते, मी झोपले नव्हते. पण जेव्हा जाग आल्यासारखं झालं तेव्हा समोर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता, माझ्याच लेनमध्ये, सावकाश चाललेला. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला जवळपास अठ्ठावीस मीटर. ट्रक साठने चालला असेल तरी दर सेकंदाला अकरा मीटर अंतर तुटत होतं. ब्रेक दाबला, क्रूझ सुटलं, गाडी आवरली. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. विरूळच्या पाटीपर्यंत हात थरथरत होते.

यंत्र चुकलं नव्हतं. मी सांगितलं तेच ते करत होतं. चुकली होते मी. आणि सगळ्यांत लागलं ते हे, की स्तोत्र चालू होतं आणि निम्म्यानंतरचा एकही श्लोक ऐकल्याचं मला आठवेना. मन रस्त्यावर नव्हतं आणि भगवंताच्या स्तुतीतही नव्हतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमाद येतो आणि मग प्राणांचा घात, हे मी आईला कितीदा वाचून दाखवलं आहे. बेसावधपणा हा हिंसेच्या मुळाशी असतो. पाठशाळेत मुलांना शिकवलेली गोष्ट मला त्या ट्रकच्या मागे कळली.

घरी आले तेव्हा वाटलं, ह्यांना सांगू नये. सांगितलं तर "मी म्हटलंच होतं" ऐकावं लागेल, आणि शनिवार बंद होतील. जेवण झालं, सूर्य मावळला, प्रतिक्रमणाला बसले. झालेल्या दोषांची आलोचना करायची आणि एवढा मोठा दोष गिळून टाकायचा? पाठ अर्ध्यावर अडखळला. उठले आणि सांगितलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "काढून टाकायचं का?" मी म्हटलं, "काढलं तर घोटा दुखेल, दुखऱ्या पायाने ब्रेकही उशिराच दाबला जाईल. ठेवू या, पण नियमाने." आपल्याकडे परिग्रहाचं परिमाण करतात, दिशांची मर्यादा बांधतात. मी वेगाची बांधली. समृद्धीवर गाड्यांना 120 ची परवानगी आहे, माझी मर्यादा 90. कारंजा-सोहोळ अभयारण्य त्या वाटेवर आहे. वन्यप्राण्यांसाठी रस्त्यावरून आणि खालून वाटा ठेवल्या आहेत, पण त्या वाटा पाखरांना आणि किड्या-पतंगांना कुठे ठाऊक? वेग कमी तितकी काचेवरची हिंसा कमी, हे काच पुसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

माझे बाकीचे नियम असे. पावसात आणि ओल्या रस्त्यावर क्रूझ लावायचं नाही, चाक घसरलं तरी ते वेग धरून ठेवायला पाहतं. अंधार पडल्यावर लावायचं नाही. गर्दीत लावायचं नाही. समोर वाहन दिसलं की पोहोचण्याआधीच बंद करायचं. पाय आराम करेल, पण ब्रेकच्या जवळच, मांडी घालून बसायचं नाही. निघण्याआधी टायरची हवा आणि ब्रेकचे दिवे पाहायचे. भरल्या पोटी लगेच निघायचं नाही, आईकडे अर्धा तास पडायचं. आणि दर दहा मिनिटांनी क्रूझ बंद करून दोन मिनिटं पायाने चालवायचं. घोट्यालाही तेवढी हालचाल बरी वाटते आणि मन जागेवर येतं. स्तोत्र आता गाडीत लावत नाही. ते आईजवळ बसून म्हणते, दोघी मिळून.

आता 90 ने गेले की थोडा वेळ जास्त लागतो. मग चारऐवजी साडेतीनला निघते, म्हणजे सूर्यास्ताच्या घाईने पाय जड होत नाही. आपल्याच व्रतासाठी आपण वेग वाढवावा आणि वाटेत जीव चिरडावेत, हे काही व्रताला शोभत नाही.

गेल्या शनिवारी आईला ट्रकची गोष्ट सांगितली. रागावेल वाटलं होतं. तिने माझा हात चाचपडून धरला आणि म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. आता वाच, परवाचं पान राहिलंय."

तुमच्यापैकी कुणी गाडीत असं काही बसवलं असेल तर तुमचे नियम मला नक्की कळवा. आणि रस्त्यावर असाल तेव्हा चार हात जमीन पाहा.

जय जिनेंद्र!