काकडीचं पाणी, मेक्सिको स्टाईल!

मे महिन्यात सुट्टी टाकून गावी निघाले की हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो, ‘वेडी आहेस का?’ गाव नाकाडोंगरी. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. धानाची शेती, आसपास मॅंगनीजच्या खाणी आणि पारा पंचेचाळीसच्या घरात. लोक मनालीला जातात, मी इथे येते. कारण बाबा.

बाबांची सगळी नोकरी उघड्या खाणीत गेली. तहान ही त्यांच्या मते सोसायची गोष्ट! दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांना ऊन लागलं, थेट सलाईन लावावं लागलं. वय वाढलं की तहानच कमी लागते, त्यामुळे ती लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. पण साधं पाणी दोन घोटांपुढे जात नाही, आणि शुगर असल्यामुळे गुळाचं पन्हं आणि रंगीत सरबतं बाद. मग द्यायचं काय?

उत्तर सापडलं ते चक्क मेक्सिकोत. तिकडे ‘आग्वा फ्रेस्का’ मिळतं. फळ किंवा भाजी भरपूर पाण्यात फिरवायची, गाळायची आणि मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत भरून विकायची. हा ज्यूस नाही, स्मूदी तर नाहीच. पाणीच, फक्त चवीचं! त्यातलं काकडी-लिंबाचं मला एकदम पटलं.

दोन मध्यम काकड्या घ्या. आधी चाखून बघा हं, एक कडू निघाली की सगळं गेलं. सालासकट तुकडे करा, रंग सालातूनच येतो. थोडं पाणी आणि पुदिन्याची आठ-दहा पानं घालून मिक्सरमधून काढा, गाळून घ्या. एकूण लिटरभर पाणी होऊ द्या. दोन लिंबांचा रस गाळल्यानंतरच घाला. चिमूटभर मीठ. तुम्हाला चालत असेल तर दोन-तीन चमचे साखर, बाबांच्या भांड्यात शून्य. वरून महागडे चिया सीड्स टाकायची गरज नाही, भिजवलेला सब्जा झकास लागतो.

मी मिक्सर लावला आणि लाईट गेली. मग काय, किसणी काढली, कीस पाण्यात कुस्करला आणि पंचातून पिळला. खरं सांगू? हेच जास्त चांगलं झालं, फेस नाही की काही नाही. आई दारात उभी राहून बघत होती. ‘हे का करून राह्यली वो? काकडीची कोशिंबीर करतेत, पानी नाही!’

गंमत म्हणजे काकडी मूळची आपल्याच भागातली, हिमालयाच्या पायथ्याची. लिंबूही आशियातलं. दोघंही स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून गेले. उलट आपली मिरची मेक्सिकोकडची, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणली. तिकडे जास्वंदीच्या जातीच्या लाल बोंडांचं जे ‘हमायका’ पितात, ते म्हणजे आपल्या अंबाडीच्या बोंडांचं सरबत! तांदूळ भिजवून, वाटून, दालचिनी घालून ‘ओर्चाता’ही करतात. धानाच्या जिल्ह्यात हे कुणाला कसं सुचलं नाही, कोण जाणे.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंग आपलंच हाय ना!’ आणि स्वतः गाळायला बसली.

बाबांनी पहिला ग्लास संशयाने घेतला. दुसरा मागितला नाही, पण भरला तर रिकामा केला. मग मी माठाशेजारी जग ठेवून दिला, कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं. संध्याकाळपर्यंत जग संपलेला. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं बरं का, दुसऱ्या दिवशी चव उतरते.

आता मी पुण्यात. परवा आईचा फोन, ‘काकड्या महाग झाल्या वो, डांगराचं केलं तर चालते का?’

चालतं की! मेक्सिकोतही खरबुजाचं करतात. फक्त ते गोड असतं, म्हणून बाबांना अर्धाच ग्लास.