दोरा पिंजतोय कुठे?

दोरा तुटणं वेगळं आणि दोरा पिंजणं वेगळं, हे भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात मोठ्या मशीनवर बसायला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. घरच्या पायमशीनवर ब्लाउज-परकर शिवताना दोरा तुटला तर पुन्हा ओवायचा, विषय संपला. इथे जाड कॅनव्हासच्या पिशव्या, आणि मिनिटाला पाच हजारांवर टाके घालू शकणारं मशीन. शिलाई सरळ चाललेली असते, मग सुईच्या नेढ्याशी कापसासारखा पुंजका जमतो, टाके खरबरीत दिसू लागतात आणि खट्कन दोरा जातो. मधेच तुटलेली शिलाई उसवून पुन्हा घालायची. पीसवर पैसे असताना हे फार लागतं.

कुणी म्हणे टेन्शन ढिलं कर, कुणी म्हणे रीळच हलकं आहे. टेन्शन ढिलं केलं तर पिशवीच्या खालच्या बाजूला दोऱ्याच्या गाठोळ्या. नेमकं धरायचं काय, तेच कळेना.

शेजारच्या मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, आधी तुटलेलं टोक बघ." त्यांनी ते नखावर धरून दाखवलं. टोक साफ तुटलं असेल तर ताण जास्त. टोकाला टणक मणी आला असेल तर दोरा वितळलाय. पॉलिएस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं आणि जाड कापडातून भरधाव जाणारी सुई चांगलीच तापते. माझ्या टोकाला दाढी फुटली होती. म्हणजे दोरा कुठेतरी घासत होता.

वरचा दोरा टाक्यात बसण्याआधी त्याचा तोच तुकडा नेढ्यातून पन्नासएक वेळा खालीवर होतो, हे ऐकून मी थक्क झाले. मग एवढासा ओरखडाही पुरतो, हे पटलं.

सुरुवात सुईपासून केली. घरच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, ती उलटी बसतच नाही. या सुईचा दांडा पूर्ण गोल, त्यामुळे ती कशीही वळू शकते. लांब खाच डावीकडे आणि नेढ्यावरची खोबण उजवीकडे, म्हणजे दोऱ्याचा फास पकडणाऱ्या हुकाच्या बाजूला, हे डोळ्यांनी बघूनच स्क्रू आवळायचा. मग मावशींनी हातभर दोऱ्यात सुटी सुई ओवली आणि दोरा तिरका धरला. माझ्या मशीनवरची १४ नंबरची सुई अडखळत राहिली, १६ नंबरची सरसर घसरली. हाच आमच्या दोऱ्याचा नंबर. १४ म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची सुई, १६ म्हणजे १ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने दोऱ्याची कातडी सोलली जात होती!

पिंजणं कमी झालं, पण थांबलं नाही. मग गाळ्यातल्या मास्टरांनी मशीन बंद करायला लावलं. आमची क्लचवाली मोटर बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरते, ती पूर्ण थांबेपर्यंत पायडलवर पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. सुईखालची प्लेट काढून तिच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवायला सांगितलं. एका जागी नख अडलं. कधीतरी सुई तुटताना तिथे आपटली असणार. कडेला डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी धार उठली होती. मास्टरांनी बारीक पॉलिश पेपरची सुरळी भोकात फिरवून ती घासली, दोरा आरपार ओढून पाहिला, भुकटी पुसली आणि प्लेट बसवली.

आता सरळ शिलाईत दोरा टिकतो. पट्टा जोडतो तिथे चार थर येतात, तिथे मात्र वेग वाढवला की थोडी लव अजून दिसते. मास्टरांचा संशय हुकाच्या टोकावर आहे. हुक आणि सुई यांच्यात केसाएवढंच अंतर लागतं, ते काम मेकॅनिकचं. तो येईपर्यंत पट्ट्यांपाशी मी मशीन हळू चालवते.