ब्रुनोला फिरवायचे कुठे?

मुलाची बदली बंगळुरूला झाली आणि पुण्याच्या फ्लॅटमधला तीन वर्षांचा लॅब्राडोर वाईला त्याच्या आईकडे आला. "दोन महिने सांभाळ, घर मिळाले की घेऊन जातो," असे मुलगा म्हणाला खरा. पण तिकडच्या घरमालकाने कुत्र्याला साफ नकार दिला. बत्तीस किलोचा ब्रुनो वाईकर झाला.

आई शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून अर्ध्या गावाच्या त्या 'बाई'. यजमान जाऊन दीड वर्ष झाले होते. तेव्हापासून भाजी, बँक आणि संकष्टीला ढोल्या गणपती, एवढेच त्यांचे बाहेर पडणे. आता दिवसातून दोनदा कुत्रा फिरवणे आले. लहान गावात हे वाटते तितके सोपे नसते. तिथे कुत्रा म्हणजे अंगणात नाही तर शेतात मोकळा असणारा प्राणी. त्याला साखळी लावून साठी उलटलेली बाई 'फिरायला' निघाली की गल्लीला फुकटची करमणूक!

पहिल्या दिवशी त्या कृष्णेच्या घाटावर गेल्या. पाणी दिसताच ब्रुनोने उडी घेतली आणि पूजेला बसलेल्या एका गृहस्थांच्या सोवळ्यावर शिंतोडे उडाले. "बाई, इथे कुत्रा नका आणू," ते शांतपणे म्हणाले. त्यांचे काही चुकलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तीन भटक्या कुत्र्यांनी घेरले. साखळीचा हिसका बसून बाईंचे मनगट सुजले. तिसऱ्या दिवशी, एप्रिलच्या उन्हात, ब्रुनो रस्त्यातच थांबून पाय उचलू लागला. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, "हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्यालाही सोसणार नाही." कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात संध्याकाळीही डांबर तापलेलेच असते, तेव्हा पहाटेसारखी वेळ नाही.

रात्री मुलाचा फोन आला. "आई, तुला झेपत नसेल तर ओळखीत एकांना शेतावर हवाय. देऊन टाकू का?"

"आठवडाभर थांब," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही सांगता आले नसते. ब्रुनो दाराशी, यजमानांच्या आरामखुर्चीखाली झोपला होता.

वाट सापडली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याची शेती मेणवलीच्या बाजूला. बाजारात भेटला तेव्हा बाईंनी भीतभीतच विचारले. तो हसला, "बाई, बांधावरनं जावा की! तुम्हाला कोण अडवतंय?"

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. पहाटे साडेपाचला निघायचे. गल्ली ओलांडेपर्यंत हातात काठी, पण ती उगारायची नाही आणि पळायचे तर मुळीच नाही. पुढे उसाचे आणि हळदीचे फड. दुसऱ्याच्या रानातून जायचे म्हणून बाईंनी आपले नियम स्वतःच ठरवले. साखळी सोडायची नाही. कारण एकदा का कुत्रा कुणाच्या शेळीवर धावला की ती वाट कायमची बंद. उभ्या पिकात पाऊल टाकायचे नाही. पिशवीत खुरपे ठेवायचे आणि त्याने केलेली घाण तिथल्या तिथे बाजूला पुरून टाकायची. मास्तरकीची सवय, दुसरे काय! पण त्यामुळेच पंधरा दिवसांत शेजारच्या बांधावरूनही 'या, या' होऊ लागले.

वाटेच्या शेवटी नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा दगडी घाट. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटामुळे तो देशभर पोचला. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा तिथल्या देवळात आहे. बाई देवळापासून दूर, पायऱ्यांच्या कडेला बसत. आंघोळीला, धुण्याला कुणी नसेल तेव्हाच ब्रुनोला पाण्यात सोडत. शेजारी पुढे हाच प्राणी पाहायला येऊ लागले आणि पोरांनी त्याचे नाव 'बुरनो' करून टाकले.

पावसाळ्यात मात्र हे सगळे बंद. नदी गढूळ, बांध निसरडे, गवतात सापाची भीती. मग गावाबाहेरचा डांबरी रस्ताच बरा, तेव्हा तो गारही असतो. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड शोधायचे, पंजे कोरडे करायचे. रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही डॉक्टरांनी टोचून घ्यायला लावली.

दिवाळीला मुलगा गाडी घेऊनच आला. कुत्रा चालेल असे घर त्याला अखेर मिळाले होते. पाडव्याच्या दिवशी साडेसहाला तो उठला, तर घरात ना आई, ना कुत्रा. अर्ध्या तासाने दोघेही आली. चिखलाने भरलेली, धापा टाकत. बाईंच्या हातात कुणीतरी दिलेली ओल्या हळदीची जुडी होती.

"तुझ्या बंगळुरूला," चपला काढता काढता बाईंनी विचारले, "पहाटे साडेपाचला याला कुठे नेशील?"

मुलगा काही बोलला नाही. दाराशी वाळत घातलेले फडके घेऊन तो ब्रुनोचे पाय पुसायला बसला.