काय काय गेलं

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा गावाच्या शिवाराचा उंचीनकाशा पडद्यावर चित्र म्हणून होता तोवर सगळं जागेवर होतं. त्याच समोच्च रेषा जिओजेसन फाइलीत उतरवल्या, दुसऱ्या संगणकावर उघडल्या, तर ना डोंगर ना कडा. चूक झाल्याची एक ओळही कुठे आली नाही. मग चित्र खाली, फाइल वर, असं ठेवून काय काय गेलं ते लिहीत बसलो.

पायरी. इकडचा काळा दगड थराथरांनी बसलेला आहे. माळ सपाट चालतो, एकदम उतरतो, पुन्हा सपाट. या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द मूळचा स्वीडिश. जिना या अर्थाचा. कड्यापाशी रेषा एकमेकींना खेटतात, माळावर फाकतात. फाइल हलकी व्हावी म्हणून अक्षांश-रेखांश दशांशाच्या तिसऱ्या स्थळावर छाटले गेले होते. तिथला एक आकडा हलला की जमिनीवर उत्तर-दक्षिण साधारण 111 मीटर, आपल्याकडे पूर्व-पश्चिम 105 मीटर सरकायला होतं. खेटलेल्या रेषा एकमेकींवर चढल्या, काही आरपार गेल्या. एकाच जागेला दोन उंच्या. पाच स्थळं ठेवली, पायरी परत आली. जिओजेसनच्या 2016 च्या प्रमाणकात सहा स्थळांचा हिशेब सुमारे 10 सेंटिमीटर दिला आहे. त्यापुढची स्थळं म्हणजे नुसता भार.

ओढ्याचं वळण. हे सापडायला दोन दिवस गेले. तीन अंशांपेक्षा कमी वळणारा बिंदू गाळायचा, अशी सोय चालू राहिली होती. ओढा कधी काटकोनात वळतो का? तो दोन दोन अंशांनी कलत जातो. एकेक बिंदू तपासला तर प्रत्येक जण बिनकामाचा ठरतो, आणि सगळे काढले की वळणच नाही, सरळ काठी. डग्लस आणि पॉइकर यांची 1973 ची पद्धत कोन पाहत नाही; सरळ रेषेपासून बिंदू किती दूर गेला ते पाहते. ओढ्याला ती बरी. पण ठरवलेल्या अंतरात मावणारं लवण तीही खाते. मी दोन्ही बंद केल्या. फाइल फुगली, फुगू दे.

टेकाड. लहान बंद वलय, थोडेच बिंदू. ‘किमान लांबी’च्या अटीत बसलं नाही, गळलं.

पाझर तलाव. रंगवलेल्या पट्ट्यांच्या नकाशात तलाव म्हणजे पट्ट्यातलं भोक. फाइलीत बहुभुजाचं पहिलं वलय बाहेरची हद्द, पुढची वलयं आतली भोकं, असा नियम आहे. इथे भोकही स्वतंत्र बहुभुज म्हणून लिहिलं गेलं आणि तलाव बुजला. गाळ काढायला वर्षं जातात, बुजवायला एक बटण पुरलं.

उंची. रेषा आल्या, पण कुठली किती मीटरची ते नाही. म्हणून जिओजेसनऐवजी शेपफाइल करून पाहिली. तिच्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘उंची’ या रकान्याचं ‘उंच’ झालं. हे एक वेळ चाललं असतं. ‘डोंगरकडा’चं ‘डों’ झालं. रकान्यांना रोमन नावं दिली, तेव्हा आकडे बसले. मग अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी, सोबतची सीपीजी नावाची चिमुकली फाइल पाठवायची राहिली, आणि पलीकडे शिवारातली सगळी नावं अगम्य चिन्हांत उघडली.

गाव. हे एकदाच गेलं, आणि पूर्ण गेलं. जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. मी बोलतो तसं लिहिलं: 19, 77. कळमनुरी तालुक्यातल्या केळीच्या बागा नॉर्वेच्या स्वालबार्डजवळच्या समुद्रात निघाल्या.

धुरा. हा फाइलीत नव्हता म्हणून चित्रात शोधला, तिथेही नव्हता. मूळ उंचीचे आकडे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 11 दिवसांत रडारने घेतलेले. साधारण 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद अशा चौकटीला एकच उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. एक चौकट म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. त्या नऊ गुंठ्यांत धुरा, पांदण, बांधावरची बाभळ, विहिरीचा काठ, सगळ्यांचा मिळून एक आकडा. धुऱ्यासाठी पाच स्थळं ठेवली, सहा ठेवली, मग होती तेवढी सगळी ठेवली. फाइल जड होत गेली.